देवामागचे मीटर

निमित्त माझ्या गुडघ्यांचं झालं. दोन जिने चढताना मी थांबते, धापा टाकते, हे गुरुशांतला एकदम दिसू लागलं. माझा मुलगा तसा हळवा आहे. त्यातून त्याला घरून काम करायला वरची माझी खोलीही हवी होती. मग ठरलं, अव्वाला, म्हणजे मला, खाली हलवायचं. खाली म्हणजे जिन्यालगतची मीटरची खोली. भाडेकऱ्यांचे मीटर, आमचा मीटर, मेन स्विच, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, सगळं एका भिंतीवर. खिडकी नाही.

मी एवढंच म्हटलं, "आधी मीटर बाहेर काढ, मग माझी कॉट टाक."

त्यानं समजावलं. कंपनीकडे अर्ज करावा लागतो, केबल फिरवावी लागते, आठवडाभर घरात पसारा. त्यापेक्षा त्याच्याकडे झकास तोड होती. सुतार बोलावून त्यानं त्या भिंतीवर सागवानी रंगाच्या प्लायवूडचा देव्हारा करून घेतला. वर कळस, बाजूला घंटा. श्रीशैल मल्लय्याची तसबीर मध्ये, सिद्धरामेश्वर डावीकडे. पाठीची फळी सरकती, तिच्यामागं मीटर. बघायला आलेला प्रत्येक पाहुणा म्हणायचा, आईसाठी काय केलंय बघा पोरानं. सून काव्या मोबाइलवर फोटो दाखवायची.

माझा नेम आहे. अंघोळ, विभूती, लिंगपूजा आणि दिवा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. आता दिव्याच्या ज्योतीमागं पातळ फळी, आणि फळीमागं अख्ख्या इमारतीची वीज. मोटार सुरू झाली की देव्हारा गुणगुणायचा. उन्हाळ्यात फळीला हात लावला तर ताप आलेल्या कपाळासारखी लागायची. मी दिवा पुढं पुढं ओढत उंबऱ्यापर्यंत आणला. दर महिन्याला रीडिंगवाला यायचा आणि देवांपुढं अवघडून उभा राहायचा. मग मीच मल्लय्याला उचलून कॉटवर ठेवायची, फळी सरकवायची, तो रीडिंगचा फोटो काढून जायचा. देवाला असं उठवणं-बसवणं माझ्या मनाला पटायचं नाही. गुरुशांतला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, बघू की, पावसाळ्यानंतर.

मेमध्ये नात राजनंदिनीला सुट्टी लागली. तिला माझ्याजवळ झोपायचं होतं. उशी बगलेत घेऊन ती जिना उतरत होती आणि मी दाराआड तिच्यासाठी चादर झटकत होते. वरून काव्याचा आवाज आला. रागाचा नव्हता, काळजीचाच होता.

"राजी, तिथं नको झोपू. मीटर आहेत ना तिथं. शॉर्टसर्किट झालं म्हणजे?"

"मग अज्जी झोपते ती?"

"अज्जीला सवय आहे."

उशी परत वर गेली. मी चादरीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चौरंग, दिवा, बेलाची पानं घेऊन फाटकापाशी गाड्यांच्या मधोमध बसले आणि तिथंच पूजा केली. तिसऱ्या मजल्यावरची ऋतुजा दुधाची पिशवी घेऊन येत होती. माढ्याकडची पोर, तोंडाची मोकळी.

"अगं बया, आज्जी, हितं का बसलाय? एवढा दांडगा देव्हारा केलाय की आत."

"देवामागं मीटर आहेत, बाई. दिवा लावायची भीती वाटते."

ती खोलीत गेली, फळी जराशी सरकवून बघून आली. "आन् तुमी ह्याच्यात झोपताय व्हय?" म्हणाली आणि माझ्याकडं न बघता वर गेली.

मी रोज तिथंच बसले. ज्यानं विचारलं त्याला तेवढंच सांगितलं. फिरायला जाणारे हात जोडायचे, मग दाराकडं बघायचे. आठवडा व्हायच्या आत गुरुशांत माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. दात आवळून म्हणाला, "अव्वा, लोकांत शोभा करायची होती का?"

"शोभेचं मी काहीच केलं नाही. शोभेचं आत आहे."

त्यानंतर सगळं कसं सोपं झालं. अर्ज मंजूर झाला. फाटकाच्या भिंतीवर लोखंडी पेटी बसली, मीटर त्यात गेले, मोटारीचा स्टार्टर टाकीजवळ गेला. वायरमननं जुन्या वायरी मुळासकट ओढून काढल्या, खोलीला वेगळा ट्रिप स्विच बसवला. पूर्वेला खिडकी पाडली. पसारा चारच दिवस होता.

"झालं ना मनासारखं?" गुरुशांतनं विचारलं. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी काव्यानं स्वतः खाली येऊन राजीची गादी घातली, उशी ठोकून नीट केली. हसून मला म्हणाली, "आता काही भीती नाही, अत्ती. आता झोपू दे तिला."

दोनदा म्हणाली ती, आता. मी दोन्ही ऐकले.

सकाळी पूजेला राजी मांडी घालून शेजारी बसली. विभूती लावून मी रोजच्यासारखी घरच्यांची नावं घेतली, सुखी ठेव म्हटलं. ती कान देऊन ऐकत होती.

"अज्जी, मम्मी-पप्पांचं पण नाव घेतलंस?"

"घेतलं की."

"रोज घेतेस?"

ज्योत भिंतीलगत स्थिर जळत होती. मागं आता काही गुणगुणत नव्हतं.

"रोज," मी म्हटलं. "सवय आहे."