सुईआधीचा घास

बाबल्याला सुई द्यायची वेळ झाली की घाबरायची ती रेणुका भुवड. बाबल्या बोका आपला काटे काढलेल्या बांगड्यात तोंड खुपसून बसलेला असायचा. मानेमागच्या कातडीची चिमूट कधी धरली, कधी टोचलं, त्याला पत्ता नसायचा. रेणुकाला मात्र फ्रीजमधली ती इन्सुलिनची बोटभर बाटली कोथिंबिरीच्या जुडीमागे बसून आपल्याकडे टक लावून बघतेय असंच वाटायचं.

उन्हाळ्यात बाबल्या पाणी पिऊ लागला. बादली, कळशी, तुळशीचं आळं, न्हाणीतला तांब्या, काही म्हणता काही सोडेना. एवढा दणकट तांबूस बोका, पण पाठीचा कणा मोजता यावा असा वाळला. मागचे पाय टाचांवर टेकत म्हाताऱ्यासारखा चालू लागला. आणि परसात तो जिथे बसून यायचा तिथे मुंग्यांची रांग. रेणुकाच्या नवऱ्यानं, गंगारामनं, ती रांग बघितली आणि म्हणाला, "हा तर आपल्याच गोत्रातला निघाला गो."

गंगारामला स्वतःला कितीतरी वर्षं डायबेटीस. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून तो नुकताच घरी बसला होता, आणि घरी बसलेल्या माणसाला खायला दिवसभर वेळ असतो म्हणून रेणुकानं साखरेचा डबा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला होता.

गुरांची डॉक्टर मृणाली वयानं लेकीएवढी, पण बोलायची सासूसारखं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. साखर जास्त राहिली तर आपल्याला दिवस मिळतात, औषध बदलता येतं. पण एकदम उतरली तर तासही मिळत नाही. म्हणून आधी घास, मग सुई. घास नाही तर सुई नाही. आणि भात, दूध, बिस्किटं, सगळं बंद."

तेव्हापासून ही भीती घरात राहायला आली. पाहुणा जातो तरी कधीतरी. ही सकाळ-संध्याकाळ सुईबरोबर यायची. सिरिंजमधलं औषध नेमकं रेघेवर आलं का, बुडबुडा राहिला का, ह्या हाताने आपण ह्याला जगवतोय की काय करतोय, असं सगळं मनात चालू असताना तोंडानं मात्र ती, "खा रे बाबल्या, खा माझ्या राजा," म्हणत राहायची. गंगाराम बोक्याला पोटाशी धरायचा, ती कानाच्या कडेला टोचून रक्ताचा ठिपका काढायची आणि गंगारामच्याच साखर मोजायच्या मशीनवर आकडा बघायची.

आकडा काही केल्या उतरेना. बांगडा मोजून, कोंबडी उकडून, सुई वेळेवर, तरी रोज सकाळी तोच चढलेला आकडा. मृणालीनं आधी एक रेघ वाढवली, मग गेल्या आठवड्यात आणखी एक. तिकडे गंगारामच्या डॉक्टरनंही हेच रडगाणं गायलं आणि त्याला जोराची गोळी लिहून दिली. कारल्याचा रस पाजून, नाचणीची भाकरी खाऊ घालून घरातले दोन्ही पुरुष वर चढलेलेच. माझ्याच हातात काही खोट आहे, असं रेणुकानं मनाशी धरलं होतं.

पितृपक्ष लागला. गंगाराम घराण्यातला थोरला, तेव्हा दरवर्षी म्हाळाला बसायला त्यालाच दाभोळला मूळ घरी जावं लागायचं. आदल्या दिवशी संध्याकाळची सुई उरकून तो एस्टीनं गेला. जाताना बाबल्याच्या डोक्यावर हात ठेवून, "दोन दिवस कळ काढ हां," असं काहीतरी पुटपुटला. रेणुकानं त्याच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी. बाबल्याला धरायला कोणी नाही. एका हातानं धरायचा प्रयत्न केला, त्यानं मनगटावर ओरखडा काढला आणि कपाटाखाली गेला. तिनं विचार केला, आकडा काय, रोजचाच असणार. आज कुठे वेगळा येतोय? तिनं ताटली सरकवली. बाबल्या बाहेर आला, बांगडा खाल्ला. तिनं मानेमागे चिमूट धरली, सुई दिली. आधी घास, मग सुई. सगळं बरोबर.

कामं आवरून ती नारळ खवायला बसली. विळीचा आवाज झाला की बाबल्या कुठूनही यायचा, खोबऱ्यासाठी नव्हे, नुसता पायाला पाठ घासायला. आज अर्धी वाटी खवून झाली तरी आला नाही. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मग उठली.

तो अंगणात स्कूटरखाली सापडला. रोज पहाटे गंगाराम स्कूटरवरून चक्कर मारून आला की तो तिथेच बसलेला असायचा. ऊब लागत असेल, असं तिला वाटायचं. आज बसलेला नव्हता, कलंडलेला होता. तिला बघून उठला, दारू प्यायल्यासारखा दोन पावलं झोकांडत आला आणि पडला. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी की पिवळं काही दिसेचना. जबडा कटकट हलत होता. मग चारी पाय ताठ झाले आणि अंग झटके देऊ लागलं.

"बाबल्या! अरे नको रे. नको रे असं करू."

तिनं त्याला पदरात गुंडाळून आत आणलं, जमिनीवर ठेवलं आणि साखरेकडे धावली. साखर तांदळात. कोपरापर्यंत हात घालून ती तांदूळ चाचपत होती आणि डबा सापडेना. स्वतःच पुरलेला, स्वतःलाच सापडेना. शेवटी तिनं पिंपच आडवं केलं. स्वयंपाकघरभर तांदूळ झाला आणि त्यातून डबा गडगडत आला. फोन तिनं कधी लावला ते तिलाच आठवत नव्हतं, पण जमिनीवरून मृणालीचा आवाज येत होता.

"काकी, तोंडात ओतू नका! घशात जाईल. साखर पाण्यात कालवून दाट करा आणि बोटानं हिरड्यांना चोळा. ओठाच्या आतून. दातांत बोट देऊ नका."

"डॉक्टर, हा जातोय हो."

"चोळत राहा. मी भाट्याला आहे, निघाले. चोळत राहा."

ती चोळत राहिली. ओठ उचलायचा, बोट फिरवायचं, पुन्हा साखर. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. झटके थांबले तेव्हा ती जास्त घाबरली, कारण आता काहीच हलत नव्हतं. तिनं कान त्याच्या बरगडीला लावला. आत काहीतरी होतं, लांबून येणाऱ्या होडीच्या इंजिनासारखं.

"श्वास आहे," ती म्हणाली.

"छान. काकी, आज वेगळं काय झालं? सुई तेवढीच? खाल्लं तेवढंच?"

"सगळं तेच. नुसते हे घरी नाहीत."

पलीकडे मोटरसायकलचा आवाज, वारा. मग मृणाली जपून म्हणाली, "काका असताना तो आणखी काही खातो का? बघा जरा. आता सुई किती द्यायची ते त्यावर ठरवावं लागेल."

रेणुका बोट चोळत बसली आणि दारातून दिसणाऱ्या स्कूटरकडे बघत राहिली. इंजिन कालपासून थंड होतं. मग बाबल्या आज कसल्या उबेला गेला होता?

बोक्याला काखेत धरून तिनं खिळ्यावरची चावी घेतली आणि डिकी उघडली. रेनकोट. त्याखाली पाने-पकडीची पिशवी. त्याखाली मिठाईचा खोका. खोक्यात पेढे, आणि कडेला एक अर्धाच. एका बाजूला माणसाच्या दातांची खूण, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चाटलेला. त्याला तांबूस केस चिकटलेला.

गंगारामनं फोन उचलला तेव्हा मागे वडे तळल्याचा चुरचुराट आणि बायकांची गडबड ऐकू येत होती.

"अहो, बाबल्याला तुम्ही पेढे देत होतात?"

"कसले पेढे?"

"डिकीतले."

"अगो ते... शेजारच्या सम्यकला नोकरी लागली, त्याचे."

"सम्यकला नोकरी लागून वर्ष झालं. पेढे ताजे आहेत." तिचा आवाज चिरकला. "खोटं बोलू नका हो. तो माझ्या मांडीवर मरायला टेकलाय. किती देत होतात? कधी?"

चुरचुराट लांब गेला. तो बाहेर पडवीत आला असावा.

"पहाटे एक आणि संध्याकाळी एक," तो हळू म्हणाला. "मी अर्धा, तो अर्धा. त्याचं सगळं बंद झालं ना, त्याच्या तोंडाकडे बघवेना. आणि मलापण एकट्यानं खायला बरं नाय वाटायचं गो."

एरवी ती ह्या वाक्याला हसली असती. आता तिच्या डोक्यात गोष्टी एकापाठोपाठ एक जागेवर बसत होत्या. रोजचा चढलेला आकडा बांगड्याचा नव्हताच. मृणालीनं रेघा वाढवल्या त्या पेढ्यावर. आता सुई पेढ्याच्या मापाची आणि पेढा डिकीत.

आणि मग उरलेलंही जागेवर बसलं. मी अर्धा, तो अर्धा. ह्यांचीही गोळी पेढ्याच्याच मापाची.

"सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली की. तूच बांधून दिलीस."

"आणि वर काय खाल्लंत?"

"वर काय खाणार? म्हाळाला बसलोय मी. पितरांची वाडी ठेवल्याशिवाय खातात काय?"

"तुमचा हात बघा."

"हात काय बघायचा?"

"बघा म्हणते ना!"

तो बोलला तेव्हा शब्द जरा ओढल्यासारखे येत होते. "थरथरतोय जरा. घामपण... हवाच तशी आहे आज. डोळ्यांसमोर कायतरी..."

"आत जा. साखर खा. आत्ताच्या आत्ता."

"अगो, सगळी जमलीत. पानं मांडलीत. पितरांच्या आधी मी कसा—"

"आनंदीकाकूंना फोन द्या." तो नको-नको करू लागला. "द्या फोन!"

आनंदीबाई त्याची चुलती, घराण्यात वयानं सगळ्यांत मोठी. रेणुकानं तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं बोलायला दम नव्हता. पलीकडे म्हातारीचा श्वास ऐकू आला, मग एवढा मोठा आवाज की मांडीवरच्या बाबल्याचा कान हलला.

"गंगल्या! बस खाली. अगो, ती खीर आण हिकडं. वाटी नको, टोपच आण."

"काकू, अजून वाडी..." गंगारामचा आवाज, लांबून.

"वाडीचं मला सांगू नको. पितर माझ्या नवऱ्याकडचे हायत, मी चांगली ओळखून हाय त्यांना. जितेपणी कोण वेळेवर जेवला नाय, आज थांबतील घडीभर. खा मेल्या. गिळ."

टोपाचा आवाज झाला. काहीतरी पडलं. कोणीतरी, "धरा, धरा त्याला," म्हणालं. आणि फोन तुटला.

रेणुकानं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. खाडीकाठचं ते गाव, कधी रेंज असते, कधी नसते. बाबल्या मांडीवर, साखरेनं चिकट झालेलं बोट त्याच्या ओठात, आणि दुसऱ्या हातात मुका फोन. तिला कोणाच्याही नावानं रडता येईना. एकासाठी रडावं तर दुसऱ्याचं काही वाईट होईल असं वाटत होतं. सगळीकडे तांदूळ पसरला होता आणि चिमण्या दारातून आत येऊन निवांत टिपत होत्या. तिनं त्यांना हाकललंही नाही.

बोटाला खरखरीत काहीतरी लागलं. तिनं खाली बघितलं. बाबल्याची जीभ. एकदा, थांबून पुन्हा एकदा. बुबुळांच्या कडेनं पिवळी रेघ दिसू लागली होती. मृणाली चपला न काढताच आत आली, तांदळावरून करकरत. तिनं कान टोचला, आकडा बघितला आणि मगच खाली बसली.

"चढतोय. थोडी कोंबडी द्या आता, अगदी बोटानं. काकी, आज संध्याकाळची सुई नको. उद्या आकडा बघून मगच. आणि सुरुवातीच्या रेघेपासून पुन्हा." तिनं रेणुकाकडे बघितलं. "काकी? हा वाचलाय. तुम्ही अशा का दिसताय?"

तेवढ्यात फोन वाजला. आनंदीबाई.

"दोन वाट्या खीर खाल्लान. घाम थांबला. आता रडत बसलाय. मांजरासाठी रडतो की पितरांसाठी, कळत नाय. गावातला डॉक्टर येतो हाय तपासायला. घे, बोल."

"गो," गंगाराम म्हणाला. शब्द पुन्हा नीट येत होते. "बाबल्या?"

"बोट चाटलं त्यानं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. मी... ठेवू मग? इथं सगळी बघतायत माझ्याकडे."

"ठेवू नका."

"अगो पण बोलू काय?"

"काहीही बोला. डॉक्टर येईपर्यंत बोलत राहा. मला आवाज पाहिजे." तिनं डोळे पुसले, बोटांची साखर गालाला लागली. "फक्त खरं बोला."

मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बरं. मग ऐक. ती पेढेवाल्याची टपरी आहे ना गो, मिरजोळ्याच्या फाट्यावर..."

तिनं एक हात बाबल्याच्या बरगडीवर ठेवला, आणि ऐकत राहिली.