निकलची पट्टी

आमच्या फियाटच्या डाव्या बाजूची निकलची पट्टी सेमाडोहच्या अलीकडे पडली. तेव्हा मी धारणीच्या दवाखान्यात नर्स होते आणि सुगत, माझे मिस्टर, वीज मंडळात. गाडी थांबवायला लावून मी मागे चालत गेले, पट्टी उचलून आणली आणि अमरावतीपर्यंत मांडीवर धरून बसले.

पट्टीला काही झालं नव्हतं. तिला दाराशी धरून ठेवणाऱ्या सहा क्लिपांपैकी पाच तुटल्या होत्या आणि तशा क्लिपा कुठेच मिळेनात. मग पट्टी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे गेली. आम्ही दोघंही रिटायर होऊन अमरावतीला राहायला आलो. सुगत दर रविवारी गाडी पुसायचे आणि डाव्या दाराच्या रिकाम्या भोकांशी आले की त्यांचा हात मंद व्हायचा. मला ते बघवत नसे.

यंदा दिवाळीनंतर मीच पट्टी काढून गाडीत ठेवली आणि म्हटलं, "चला, अकोल्याले जाऊ. तिथं जुन्या सामानाचं दुकान हाये म्हनते."

दुकानदाराने नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढल्या. पहिलीच दाबताना तुटली. तो हळहळून म्हणाला, "काका, गाडी तुमी जपली, पन तिचं सामान बनवनारे आता नाई राहिले."

सुगत गाडीकडे निघाले. समोरच्या फुटपाथवर एक साठीची बाई उंदरांचे पिंजरे करत बसली होती. पिंजऱ्याचं दार खटकन मिटवणारी कडक तार ती पकडीने वळवत होती. दोन हिसक्यांत तार हवी तशी व्हायची. मी तिथेच थांबले आणि पाकिटातून उरलेली एक क्लिप काढली.

"रागिणी, पिंजरेवालीले काहून दाखवून राहिली?" सुगत दबक्या आवाजात म्हणाले. त्यांना लाज वाटत होती.

बाईने ऐकलं, पण तिने क्लिप हातात घेतली. "हे कायले लागते?"

मी तिला गाडीपाशी नेलं आणि भोकं दाखवली. तिने एका भोकात करंगळी घालून पाहिली. "म्हनजे याले दोन पाय पायजेत. आत गेले की पसरले पायजेत. अन वरून पट्टी धरली पायजे."

"बरोबर," सुगत म्हणाले. आता ते जवळ आले होते.

तिने तार वळवली. पहिली क्लिप आत गेली, पण इतकी घट्ट की रंगाला ओरखडा पडला. सुगतचा चेहरा पाहून तीच ओशाळली. सायकलच्या ट्यूबचे लहान तुकडे कापून तिने पुढच्या प्रत्येक क्लिपेखाली एकेक बसवला. "आता रंगाले लागनार नाई, अन पानीबी आत जानार नाई."

पाच क्लिपा व्हायला तासभर लागला. तेवढ्यात सुगत खाली तिच्या पोत्यावर बसून तार धरू लागले होते. तिचं नाव सुभद्रा, हा धंदा तिच्या आईचा, हे त्यांनीच विचारून घेतलं. पट्टी तिघांनी मिळून बसवली. सुभद्राबाईंनी तिला बोटं अडकवून जोरात ओढलं, दोनदा. पट्टी हलली नाही.

"माहा माल उंदरं धरते," त्या म्हणाल्या. "मोटार पहिल्यांदाच धरली."

सुगतनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि बाजाराला एक चक्कर मारून आणली. मी पिंजऱ्यांपाशी राखण करत बसले आणि तेवढ्यात एक विकलाही.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. सुगतनी गाडी मुद्दाम उलटी वळवून लावली, डावी बाजू बाकड्याकडे येईल अशी. ते पाहत बसले. मी माझा चहा संपवला, मग त्यांचाही.