शाई फासलेल्या माणसाचे वारस

आमच्या किरगिझ मुलखातल्या कारा-जारच्या संग्रहालयात आम्ही दोघीच. झूरा-एजे, म्हणजे झूराताई, प्रमुख, आणि मी, कनिशाय, म्हणजे बाकीचं सगळं : तिकीट, झाडू, शेगडी, आणि गेल्या वर्षीपासून स्कॅनर. स्कॅनर राजधानीतल्या एका संस्थेनं पाठवला होता. तालुक्यातले जुने फोटो, चित्रं, पत्रं गोळा करायची, स्कॅन करून इंटरनेटवर चढवायची, म्हणजे जगात कुठूनही कुणालाही आमचा इतिहास बघता येईल, अशी योजना.

"जगातून कोण बघतंय," झूरा-एजे म्हणाल्या. "आपल्या लोकांनी बघितलं तरी खूप झालं."

बाजारात कागद चिकटवला. पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग जे सुरू झालं ते आवरेना. एकानं मुलाच्या लग्नाचा आल्बम आणला, तोही मागच्याच वर्षीचा. "थोडं थांबा एजे, हाही इतिहासच होणार आहे," म्हणाला. निवृत्त जनावरांचे डॉक्टर आपली एकतीस तैलचित्रं घेऊन आले, सगळी एकाच घोड्याची. झूरा-एजेंना नाही म्हणता येत नाही. मी एकतीसही घोडे स्कॅन केले.

घोटाळा झाला तो मात्र आमच्याच कपाटातल्या फोटोनं.

तो १९३४ सालचा. तालुक्यातल्या पहिल्या शिक्षक-वर्गाचा, बारा पुरुष, दोन बाया. कुणी दिला त्याची नोंद नाही, मागे फक्त साल. मधल्या ओळीत डावीकडून तिसऱ्या माणसाच्या तोंडाला कुणीतरी जांभळी शाई फासली होती. नुसती फासली नव्हती, आधी सुईनं खरवडून मग फासली होती. असे फोटो आमच्याकडे घरोघरी आहेत. सदतीस साली सरकारची माणसं शिकल्यासवरल्यांना धरून न्यायला लागली तेव्हा, ज्याला नेलं तो जनतेचा शत्रू, आणि शत्रूचा फोटो घरात सापडला की पुढची पाळी आपली. म्हणून लोकांनी आपल्याच भावाचं, नवऱ्याचं तोंड आपल्याच हातानं काळं केलं.

झूरा-एजेंनी फोटोखाली लिहिलं : "शाई फासलेली व्यक्ती अज्ञात. बहुधा दडपशाहीत बळी गेलेले शिक्षक." एजे 'बहुधा' हा शब्द फार जपून वापरतात. लोक तो वाचतच नाहीत.

आठवड्यात पेट्रोल पंपवाले एसेनगेल्दी-बाइके, म्हणजे एसेनगेल्दीदादा, हजर.

"एजे, ते माझे आजोबा."

"कोण?"

"शाईवाले. खांदे बघा ना. हे आमच्या घराण्याचे खांदे."

"एसेनगेल्दी, तुझे आजोबा रेशन दुकानात होते. एकाहत्तर साली गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला मी लहानपणी जेवलेय."

"मग मधे सोडलं असेल त्यांना," बाइके म्हणाले. "आजोबा कधी बोलले नाहीत. असली माणसं बोलत नाहीत."

दोन दिवसांनी औषधाच्या दुकानाच्या मालकीण तामारा-एजे आल्या. त्यांचं म्हणणं, तो कोट त्यांच्या आजोबांचा. कोट अजून घरात आहे का, तर नाही, पण आईनं वर्णन केलं होतं. आणि शुक्रवारी तालुका कचेरीतले उपप्रमुख कुबात-बाइके स्वतः आले. त्यांनी पुरावा वगैरे दिला नाही. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "रक्ताला कळतं हो."

झूरा-एजेंनी फोटो पडद्यावर मोठा केला आणि मागच्या ओळीतल्या एकावर बोट ठेवलं. "कुबात, हा बघ. हे कान बघ. शंभर टक्के तुझे कान आहेत."

कुबात-बाइकेंचा हात आपोआप कानाकडे गेला. तो त्यांनी मधेच आवरला.

"नाही एजे. ह्याचं तोंड तर कसं स्वच्छ आहे! त्या काळात एवढ्या स्वच्छ तोंडानं कोण सुटलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमचे आजोबा त्यातले नव्हते."

असं झालं. तेरा जणांची तोंडं उजळ, आणि त्यांचं गावात कुणी नाही. तोंड काळं झालेल्या एकट्याला मात्र तीन घराणी. एजे रोज संध्याकाळी संगणक बंद करताना त्या तेरांकडे बघायच्या, पोरं न्यायला कुणी आलं नाही म्हणून शाळेत मागं राहिलेल्या बाईसारख्या.

भांडण ज्येष्ठांच्या मंडळापुढं गेलं. त्यांनी निवाडा केला : संग्रहालयासमोर फलक उभारायचा, त्यावर शाई फासलेलं तोंड मोठं करून लावायचं आणि खाली तिन्ही आजोबांची नावं कोरायची. "एक तरी बरोबर असेल," असं सर्वांत म्हातारे होते ते म्हणाले. कुबात-बाइकेंनी प्रांताच्या पाहुण्यांना बोलावलं, एसेनगेल्दी-बाइकेंनी जेवणाला घोडी कापायचं कबूल केलं, तामारा-एजेंनी मंडप घेतला. मी शाईचा तो डाग स्कॅन करून दोन मीटर उंच केला. जवळून बघितला की त्यात सुईचे ओरखडे दिसायचे, फार रागानं मारलेले.

"घाबरलेल्या माणसाचा हात असा चालत नाही," झूरा-एजे म्हणाल्या. मला तेव्हा त्यात विशेष वाटलं नाही.

अनावरणाला दोन दिवस होते. वरच्या खेड्यातून येणाऱ्या जीपमधून एक म्हातारी उतरली. पाठीला थोडा बाक, डोक्याला पांढरा रुमाल, हातात पिठाची पिशवी. नाव साबीरा, वय चौऱ्याऐंशी.

"इथं जुनी पत्रं वाचायचं यंत्र आलंय म्हणे," तिनं विचारलं.

"ते वाचत नाही आपा, फोटो काढतं," मी म्हटलं.

"मग काय उपयोग? फोटो काढून काय करू? मला वाचता येत नाही म्हणून तर आले."

पिशवीत नऊ पत्रं होती. किरगिझ भाषा, पण लिपी लॅटिन. तेव्हा आमच्याकडे तीच चालायची, चाळीस साली बदलली. आता ती पटकन वाचणारं तालुक्यात एकच माणूस, झूरा-एजे. त्यांनी चष्मा लावला, आपांना शेगडीजवळ बसवलं, चहा दिला. मी एकेक पत्र स्कॅन करून देत होते, एजे वाचत होत्या.

पत्रं आपांच्या बापाची, शारशेनची. आपा दोन वर्षांची असताना तो घर सोडून राजधानीला गेला. आई उलबूबू, तिला अक्षरओळख नव्हती. पहिल्या पत्रात तो थंडीची टोपी मागत होता. दुसऱ्यातही टोपीच. तिसरं वाचताना एजे थांबल्या, आणि मग हळूहळू वाचायला लागल्या :

"जुमादिलनं लिहिलंय की तू वर्गाच्या फोटोतल्या माझ्या तोंडाला शाई फासलीस. तो म्हणतो, आता मी पूर्वीपेक्षा बरा दिसतो. उलबूबू, पोरीला तो फोटो दाखवू नकोस. आणि टोपी पाठव."

साबीरा-आपा हसायला लागल्या. हसता हसता चहा सांडला.

"दाखवला की! रोज दाखवायची. हा तुझा बाप, म्हणायची, नीट बघून घे."

झूरा-एजे उठल्या. त्यांनी फोटो आणून आपांच्या मांडीवर ठेवला. आपांनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि बोट थेट मधल्या ओळीवर टेकवलं.

"हेच ते ध्यान. आणि ही खाली बसलीय ना, डावीकडची, वेण्यावाली? हिच्याबरोबर पळाला. शिकायला गेले होते म्हणे दोघं. शिकले!"

"आपा, तुमच्या वडिलांना... धरून नेलं होतं का कधी?" मी विचारलं.

"त्याला कोण धरतंय? आईलाच धरता आला नाही. घड्याळं दुरुस्त करायचा राजधानीत. एकोणऐंशी साली मेला, गादीवर, पोट भरून जेवल्यावर."

एजेंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर सुतार फलकाचे खांब रोवत होते.

"आणि जुमादिल कोण?" एजेंनी विचारलं.

आपांचं बोट मागच्या ओळीत सरकलं, अगदी टोकाला. तो कानवाला. बारीक, किंचित हसरा, फोटोग्राफरनं हलू नका म्हटल्यावर जेमतेम हसू दाबलेला.

"हा आमच्या शाळेचा मास्तर. मला काही आठवत नाही, आई सांगायची. बापाची पत्रं हाच तिला वाचून दाखवायचा आणि हाच उत्तरं लिहायचा. आई शिव्या सांगायची, हा गोड करून लिहायचा. आई म्हणायची, मेल्या, मी एवढ्या शिव्या दिल्या, पत्र एवढंच कसं?" आपा थांबल्या. "सदतीसच्या शरदात त्याला वर्गातून उठवून नेलं. पोरं पाढे म्हणत होती. परत आला नाही. बायको माहेरी गेली, तीही मग कुठं गेली कळलं नाही. मूलबाळ नव्हतं."

"मग ह्याच्या तोंडाला शाई का नाही?" मी विचारलं.

"शेजारणी आल्या होत्या की सांगायला. उलबूबू, तुझ्या घरात फोटो आहे, त्यातल्या मास्तरचं तोंड काळं कर, नाहीतर पोरीसकट जाशील. तुझ्याकडे शाई आहे, हात पण बसलाय. आई म्हणाली, शाई संपली." आपांनी फोटोवरून हात फिरवला. "दौत भरलेली होती घरात. पिठाच्या पेटीखाली तीस वर्षं लपवला हा फोटो, मग इथं आणून दिला आणि नाव न सांगता निघून गेली."

शेवटचं पत्र फेब्रुवारी अडतीसचं होतं. एजेंनी ते दोनदा वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्यानं. "तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. टोपीचं राहू दे. जुमादिल आजारी आहे का?"

एजेंनी पत्राची घडी घातली आणि आपांचा सांडलेला चहा पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी झूरा-एजे तिन्ही वारसांकडे स्वतः चालत गेल्या. एसेनगेल्दी-बाइके म्हणाले, "म्हणजे त्या म्हातारीलाही फलकावर नाव हवंय? चौथं बसवू, जागा आहे." तामारा-एजे रडल्या, इतकी वर्षं रडायला आजोबा नव्हते, आता कुठं मिळाले होते. कुबात-बाइके दारातच फोनवर बोलत होते. त्यांनी फोन हातानं झाकला. "एजे, पाहुणे निघालेत हो. सत्य कुठं पळून जातंय? सोमवारी बघू."

"कुबात, तो कानवाला नेला होता. खराखुरा. त्याचं तरी नाव घाल."

"त्याच्याकडून कोण आहे?" कुबात-बाइकेंनी विचारलं. "कुणीच नाही? मग पडदा कुणाच्या हातानं उघडायचा?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता.

कार्यक्रम झाला. ऊन छान होतं. प्रांताचे पाहुणे म्हणाले, ज्या समाजाला आपल्या जखमा आठवतात तोच समाज जगतो. तिन्ही घराण्यांत पडद्याची दोरी कुणी ओढायची यावर कुजबुज सुरू झाली, आवाज चढायला लागले, तेव्हा मंडळातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या साबीरा-आपांकडे बोट दाखवलं. सर्वांत वडील त्या, आणि कुणाच्याही नात्यातल्या नाहीत. त्यांच्या हातानं होऊ दे.

आपा उठल्या. त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला आणि दोन मीटर उंचीचा शारशेन सगळ्या गावासमोर काळं तोंड करून उभा राहिला. लोकांनी टोप्या काढल्या. कुणीतरी आपांच्या हातात माइक दिला.

"आज माझी आई हवी होती," आपा म्हणाल्या. "तिला फार बरं वाटलं असतं."

मंडपात एकही डोळा कोरडा राहिला नाही. पाहुण्यांनी उठून आपांचे हात हातात घेतले. बेशबर्माकच्या, म्हणजे मांस-शेवयांच्या, पराती आल्या, तेव्हा मेंढीचं मानाचं डोकं कुणापुढं ठेवायचं यावर तिन्ही घराणी पुन्हा पेटली. शेवटी ते शाळेच्या मुख्याध्यापकांपुढं ठेवलं, कारण त्यांनी कुठल्याच आजोबांवर हक्क सांगितला नव्हता.

निघताना मी आपांना विचारलं, "आपा, स्कॅनर बसवायला राजधानीतून आलेला मुलगा म्हणतो, शाईच्या खालचं तोंड संगणकावर बाहेर काढता येईल. वडिलांचा चेहरा बघायचाय?"

"नको गं पोरी," त्या म्हणाल्या. "आईनं इतक्या मेहनतीनं केलंय, कशाला बिघडवा." पण जुमादिलच्या चेहऱ्याची एक प्रत मागून घेतली, पत्रांबरोबर पिशवीत ठेवली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या.

सोमवारी कुणी काही बघितलं नाही. झूरा-एजेंनी फोटोच्या पानावर आपांनी आईकडून ऐकून सांगितलेली चौदाही नावं लिहिली, शारशेनची हकीगत लिहिली, नऊ पत्रं जोडली. 'बहुधा' काढून टाकलं. त्या पानाला महिनाभरात अकरा भेटी झाल्या. त्यातल्या सात वेळा मीच होते. संस्थेकडून मात्र पत्र आलं : लोकसहभागाचं असं उदाहरण साऱ्या देशात नाही.

जुमादिलचा चेहरा एजेंनी मोठा करून दुसऱ्या खोलीत लावला, खाली नाव, साल आणि वर्गातून उठवून नेल्याची एक ओळ. येणारे ओळ वाचायच्या आधी चेहरा बघतात. "हा कोण, चुगलखोर का?" असं विचारतात. एजे प्रत्येक वेळी खुर्चीवरून उठतात आणि पहिल्यापासून सांगतात. त्यांचे गुडघे दुखतात, तरी बसून सांगत नाहीत.

आणि लोक अजूनही फोटो आणतात. गेल्या आठवड्यात सहकारी दुधडेअरीतला एक जण एकोणीसशे तेहेतीसचा फोटो घेऊन आला. त्यात एक तोंड काळं होतं. "आजोबा," तो म्हणाला आणि मान खाली घातली. मी फोटो घेतला, तर माझा अंगठा निळा झाला. एजेंना दाखवला. त्यांनी अंगठा बघितला, त्या माणसाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"बस, बाळ," एजे म्हणाल्या. "चहा घे. कोण होते ते, सांग बघू खरं." आणि शाई वाळायला त्यांनी फोटो शेगडीजवळ ठेवला.