दुसऱ्याचा धूर

आपल्या फुफ्फुसांत कोणती हवा जावी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो आणि तो कोणत्याही सरकारला हिरावून घेता येत नाही, असं गोविंदराव शिरगावकरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

गोविंदरावांची सगळी नोकरी बडोद्याबाहेरच्या रिफायनरीत गेली. तिथे गेटवर काडेपेटी जमा करायची आणि मग आत जायचं. आतल्या टाक्यांत एवढं तेल की एका ठिणगीने सगळ्यांचीच रिटायरमेंट एकदम झाली असती, त्यामुळे या नियमाला कुणी व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला म्हटलं नाही. पाळीभर सिगारेटची नुसती आठवण काढायची आणि सुटल्यावर गेटबाहेर पहिली काडी ओढायची. बाकीचे त्या नोकरीतून फंड घेऊन बाहेर पडले. गोविंदराव फंड आणि तळमळण्याची उत्तम सवय घेऊन बाहेर पडले.

निवृत्तीनंतर त्यांच्या हृदयात स्टेंट बसले. दवाखान्यातून घरी आल्या आल्या प्रेमलाबाईंनी त्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं, की यापुढे सिगारेट ओठाला लावणार नाही. त्यांनी लावली नाही. पण रिफायनरीत माणूस नियम नीट वाचायला शिकतो. शपथेत ओठांचा उल्लेख होता. नाकाचा नव्हता.

प्रतापनगरच्या त्यांच्या फ्लॅटपासून थोडं चालत गेलं की धवलचा पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, लागे. गल्ल्यापुढे एक बाक होतं आणि त्या बाकावर रोज संध्याकाळी मानसिंगराव येऊन बसत. मानसिंगरावांचे पणजोबा संस्थानात कसलेसे अधिकारी होते. कसले, ते आता घरातही कुणाला सांगता येत नसे. पण त्यामुळे मानसिंगराव सिगारेट ओढतानाही दरबार भरल्यासारखे ताठ बसत. गोविंदराव आधी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बघत. रिफायनरीत वारा कुठून कुठे वाहतोय हे दाखवायला खांबावर कापडी पिशवी फडफडत असे, गॅस फुटला तर कुठल्या बाजूला पळायचं ते कळावं म्हणून. इथे साड्यांवर काम भागत असे. फरक एवढाच, की गोविंदराव धूर जिकडे जाणार तिकडे जाऊन बसत.

"गोविंदराव, एक घ्या तरी नाहीतर जरा लांब तरी बसा," मानसिंगराव म्हणत. "लोक बघतायत."

गोविंदराव दोन्ही करत नसत. मानसिंगरावांनी सोडलेला धूर वळसे घेत त्यांच्याकडे येई आणि ते डोळे मिटून तो आत घेत. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या उष्ट्या भांड्याला तोंड लावलं नाही, तो रोज संध्याकाळी मानसिंगरावांच्या छातीतून फिरून आलेला उष्टा धूर प्रसादासारखा घेत होता. त्या धुरात सुटीचा भोंगा असे. गेटबाहेर हँडलला हँडल अडकवून उभ्या केलेल्या सायकली असत, ज्यांच्याबरोबर काडी वाटून घेतली ते लोक असत (त्यांतले बरेचसे आता फक्त तिथेच भेटत), आणि घरी पोचायची घाई असे. रिटायर माणसाला सगळं मिळतं, घाई तेवढी मिळत नाही. दुसऱ्याचा धूर स्टेंटला चालतो का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी उत्तर दिलं असतं.

परतताना ते मूठभर वरियाळी, म्हणजे बडीशेप, चघळत, शर्ट छातीपासून धरून झटकत आणि जिना सावकाश चढत. प्रेमलाबाई दार उघडत, मान पुढे करून त्यांच्या कॉलरपाशी नाक नेत आणि हुंगत. रोज. कधी कधी बराच वेळ. मग म्हणत, "ठीक आहे. हातपाय धुवा." आपल्या खबरदारीचा गोविंदरावांना अभिमान वाटे. इतकी वर्षं इतक्या जवळून तपासणी होऊन एकदाही न सापडलेला माणूस बडोद्यात दुसरा नसेल.

मग गल्ल्याशेजारच्या बंगल्यात लहान मुलांची शाळा निघाली. शाळेच्या जवळपास तंबाखू विकता येत नाही असा कायदा आहे आणि तो चांगला कायदा आहे, हे गोविंदरावांनाही मान्य होतं. एका सकाळी गाडी आली आणि गल्ला उचलून घेऊन गेली. बाकही नेलं. त्या जागी, इथे धूम्रपान करणाऱ्याला दंड होईल, असा बोर्ड लागला. धवलने दोन चौक पलीकडे दुसरा गल्ला टाकला, पण तो भर रस्त्यावर होता, बसायला काही नव्हतं, आणि उभ्याने सिगारेट ओढणं मानसिंगरावांच्या घराण्यात नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी गोविंदराव बोर्डासमोर उभे राहून परत आले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांना रस्त्यात एक अनोळखी माणूस बिडी ओढत जाताना दिसला आणि ते त्याच्या मागोमाग रेल्वेच्या क्वार्टर्सपर्यंत गेले. तिथे त्या माणसाने वळून, काका, काही काम आहे का, असं विचारलं. त्यानंतर त्यांनी वॉर्ड ऑफिसात जायचं ठरवलं.

तिथल्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि गोविंदरावांनी व्यक्तिस्वातंत्र्यावर जे मांडलं ते सगळं ऐकून घेतलं. मग दोन बोटं ओठांपाशी नेऊन सिगारेटची खूण करत विचारलं, "काका, तमे पीओ छो?"

"ना."

"तो वांधो शुं छे? कायदो तो तमारा माटे ज छे."

कायदा माझ्यासाठीच आहे, हाच तर वांधा आहे, असं गोविंदराव म्हणाले. न ओढणाऱ्याला ओढणाऱ्याच्या धुरापासून वाचवायला हा कायदा केला. मी तो न ओढणारा. मला कुणी एका शब्दाने विचारलं का? ओढणाऱ्याचं काय, तो कुठेही जाऊन ओढेल. मारला गेला तो शेजारी बसणारा. त्याच्यासाठी या देशात कुणी बोलत नाही. साहेबाने बराच विचार केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की तुम्ही इथे आलाय हे घरी माहीत आहे का. गोविंदरावांनी पाणी संपवलं आणि उठले.

उपाय शेवटी मानसिंगरावांनी काढला. त्यांची जुनी मारुती होती. ती त्यांनी शाळेपासून लांब, एका कडुलिंबाखाली उभी केली आणि गोविंदरावांना शेजारी बसवलं. गाडी माझी, हवा माझी, ते म्हणाले, मात्र कुणी बघायला नको म्हणून काचा वर. आणि त्यांनी सिगारेट पेटवली.

वाऱ्याची दिशा बघायची गरजच उरली नाही. धूर छताला लागला, खाली उतरला, मागच्या सीटवर जाऊन परत आला. मानसिंगरावांनी पहिली संपवून दुसरी पेटवली, मग भिडेखातर तिसरी. समोरचा रस्ता दिसेना. गोविंदरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने येतंय असं त्यांनी सांगितलं, आणि मानसिंगरावांनी ते खरं मानलं.

गाडीतून उतरल्यावर त्यांना आपण काय केलंय ते कळलं. शर्ट, केस, बनियन, चष्म्याची दांडी, सगळ्याला वास होता. वरियाळीने तोंड सुधारतं, माणूस सुधारत नाही. घरी जायला त्यांनी सगळ्यांत लांबचा रस्ता घेतला, आणि शर्ट झटकून झटकून हात दुखायला लागला तेव्हा जिना चढले.

जिन्यातच त्यांना दुसराच एक वास आला. दूध करपल्याचा. दारापाशी तो इतका झाला की नाक दाबावं. बेल वाजवली. प्रेमलाबाईंनी दार उघडलं. आत टीव्ही लागला होता आणि त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरातून निळसर धूर बाहेर येत होता. त्यांनी नेहमीप्रमाणे मान पुढे केली, कॉलरपाशी नाक नेलं आणि सावकाश हुंगलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हातपाय धुवा. दूध ठेवलंय, चहा टाकते."

गोविंदराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग चप्पल न काढताच आत गेले, गॅस बंद केला, पातेलं उचलून नळाखाली धरलं. ते आतून डांबरासारखं झालं होतं. चर्र आवाज ऐकून प्रेमलाबाई मागे आल्या, पातेल्याकडे बघितलं, आणि स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?" गोविंदरावांनी विचारलं.

करोनापासून. दुसऱ्या लाटेतला. सगळ्यांचा वास गेला तसा त्यांचा गेला, सगळ्यांचा परत आला, त्यांचा राहिला. तेव्हापासून फोडणी मोहरीच्या आवाजावर चालली होती आणि आमटी अंदाजावर. दुधाला डोळे लागतात, आणि आज टीव्हीने डोळे नेले.

"अगं, मग सांगायचं नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही रसिकाला सांगितलं असतं." रसिका म्हणजे बंगळूरची मुलगी. "तिने दुसऱ्या दिवशी गॅस काढायला लावला असता आणि विजेची शेगडी धाडली असती. आई, तुझ्या भल्यासाठीच. मग माझ्या स्वयंपाकघरात मी तिला विचारून पाणी तापवायचं."

गोविंदरावांना या युक्तिवादात नाव ठेवायला काही सापडलं नाही. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "मग रोज दारात माझा वास कसला घेत होतीस?"

प्रेमलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. पहिलं वर्ष तपासणीच होती, त्या म्हणाल्या. मग वास गेला. तरी सवयीने नाक पुढे जायचं. आणि मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण तपासत नाही, वाट बघतोय.

"तुम्ही पाळीवरून यायचात ना, तेव्हा तेलाचा वास यायचा आणि सिगारेटचा. तेलाचा साबणाने जायचा, दुसरा जायचा नाही. उशीला यायचा. मी किती भांडले त्यावरून." त्यांनी खाली ठेवलेलं पातेलं जवळ ओढलं. "इतका घाणेरडा वास. मला वाटायचं, बाकी काही नाही आलं तरी तो येईल. तुम्ही कधीतरी चोरून ओढाल आणि मी दार उघडलं की येईल. पण तुम्ही कसले. शपथ म्हणजे शपथ."

गोविंदरावांनी घसा साफ केला. "आज मी मानसिंगरावांच्या गाडीत होतो. ते ओढत होते. काचा बंद होत्या."

"म्हणजे आज होता?"

"होता."

"खूप?"

"फार."

त्या उठल्या, पुन्हा त्यांच्या कॉलरपाशी आल्या, मग खांद्यापाशी, मग केसांपाशी. डोळे मिटून, थांबत थांबत. गोविंदराव हलले नाहीत. लग्नानंतर इतका वेळ त्या इतक्या जवळ कधी उभ्या होत्या, ते त्यांना आठवेना. शेवटी प्रेमलाबाई मागे सरल्या आणि मान हलवली.

"दुसऱ्याचा आहे तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढा. जा, एक घेऊन या."

"अगं, शपथ."

"डोकं माझं. मी उठवली."

ज्या स्वातंत्र्यासाठी वॉर्ड ऑफिसची पायरी चढले ते असं उभ्या उभ्या हातात पडेल याची गोविंदरावांना सवय नव्हती. ते दोन चौक पलीकडे गेले. धवलने काही न विचारता पाकीट दिलं. पाकिटावरच्या चित्रातल्या माणसाचा घसा गेला होता. परत आले तेव्हा प्रेमलाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, पंखा बंद केला होता, आणि काडेपेटी टीपॉयवर काढून ठेवली होती.

गोविंदरावांनी सिगारेट ओठाला लावली. काडी ओढली. पहिला झुरका डोक्यात गेला, खोली हलली, आणि खोकला आला. ज्याच्यासाठी एवढी वर्षं झुरले ते हेच होतं का, हे ठरवायला त्यांना सवड नव्हती, कारण प्रेमलाबाई समोर पाट ठेवून बसल्या होत्या आणि त्यांनी चेहरा वर केला होता.

"सोडा इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सोडला. त्या धुरात त्यांचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला आणि मग हळूहळू दिसायला लागला.

"आला?"

"अजून एकदा."

सिगारेट संपेपर्यंत ते चाललं. प्रेमलाबाईंना वास आला नाही. वरच्या मजल्यावरच्या निरुपमाबेनना आला, आणि त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर कळवला.