मदिनाभाभींचा सदरा

युसुफभाईंनी तो सदरा दिला तो माझ्या शब्दावर. माझ्या शब्दाला काही किंमत असेल असं मला आयुष्यात फारसं वाटलेलं नाही. त्यामुळे कुणीतरी त्यावर विसंबून पत्र्याची पेटी उघडली, याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

युसुफभाई माझे शेजारी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिंप्याचं दुकान. मी वाचनालयातून निवृत्त झालो तरी सकाळ-संध्याकाळ तिकडे जातो, आणि दुकानावरून जाताना मशीन थांबवून ते माझ्या हाताकडे बघतात. "काय मोतीभाऊ, आज कोनतं पुस्तक?" मी नाव सांगतो. "वाची ले, वाची ले. मरानंतर परीक्षा शे तुन्ही," असं म्हणून ते पुन्हा मशीन चालू करतात.

त्यांच्या बायकोचा, मदिनाभाभींचा, तो सदरा. भाभी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जात. आमच्या नंदुरबारात हंगामात गावाबाहेर सगळीकडे लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि त्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना सदरा घालतात. भाभींना मात्र युसुफभाईंनी मुद्दाम शिवून दिला होता. गळ्याची पट्टी उंच. ओढून बटण लावलं की नाक झाकायचं. बाह्या बोटांपर्यंत लांब आणि टोकाला अंगठ्यासाठी काज, म्हणजे बाही वर सरकून मनगट भाजायला नको. बाकीच्या बाया हसायच्या. "मदिना, तुन्हा नवरानी तुले पोतामां शिवी टाकं!" पुढच्या हंगामात त्याच बाया तसाच सदरा शिवायला युसुफभाईंकडे आल्या.

माझी पुतणी रंजिता हे सगळं बघत मोठी झाली. भावाचं घर कळसाडीला, ऊस-कापसाची चांगली शेती. पण शाळेसाठी तिला माझ्याकडे ठेवलं होतं. मी एकटा, माझ्या घरात पुस्तकांशिवाय काही नाही. पोरगी शाळेतून आली की शेजारीच जेवायची, भाभींच्या लेकीबरोबर, माहेनूरबरोबर खेळायची. एकदा तिनं दोरीवरचा तो सदरा घालून पाहिला. गाल लाल झाले, रडून घर डोक्यावर घेतलं. भाभींनी तिला मांडीवर घेऊन गालांना दही लावलं. मी दारात उभा होतो, काय करावं ते न कळून हातात पाण्याचा तांब्या धरून.

पुढं रंजिता कपड्यांची डिझायनर झाली. मोठी झाली. तिच्या ब्रँडचं नाव 'दगू'. दगूबाई म्हणजे तिची आजी, माझी आई. आईचं नाव परदेशातल्या दुकानांवर लागलंय हे कळलं तेव्हा मी वाचनालयात पेढे वाटले होते. त्या ब्रँडचं सगळ्यात गाजलेलं जाकीट म्हणजे उंच गळ्याचं, लांब बाह्यांचं, अंगठ्याला काज असलेलं. मी ओळखलं. वाटलं, पोरीनं आठवण ठेवली.

मग तिच्यावर माहितीपट निघाला. तिचं आयुष्य, तिचा ब्रँड. ललित नावाचा दिग्दर्शक माणसं घेऊन आला. रंजिताचा फोन आला, "काका, तो मूळचा सदरा मिळेल का? चित्रीकरणापुरता. लगेच परत पाठवते."

भाभींना जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मी संकोचत विचारलं, काम झालं की परत आणून देतो म्हणालो. युसुफभाईंनी पेटी उघडली, सदरा बाहेर काढला आणि मांडीवर घडी घालत बसले.

"मन्हाकडे तिना धड फोटू बी नही, मोतीभाऊ. एक शादीमांना शे, त्यामां बी मान खाले. हाऊ सदरा शे, बस." मग वर बघून म्हणाले, "रंजिता तिनं नाव लेई ना?"

"लेई. मी शे ना," मी म्हणालो.

चित्रीकरण माझ्या खोलीत झालं. त्यांनी माझी पुस्तकं उचलून बरी दिसतील अशी लावली. मला खुर्चीत बसवून सदरा हातात दिला. मला कॅमेऱ्याकडे बघवेना. तरी बोललो. "हा सदरा मदिनाभाभींचा. मी स्वतः त्यांच्या अंगावर पाहिलेला आहे. युसुफभाईंनी शिवला." मग पथारीचं, दह्याचं, सगळं सांगितलं. इतकं सलग मी कधी कुणाशी बोललो नव्हतो.

ललित म्हणाला, "सुंदर, काका. आता हेच थोडं छोटं करून पुन्हा म्हणाल? नाव न घेता. नाव आधी येऊन गेलंय ना."

मला ते पटलं. पुस्तकातही एकदा नाव आलं की पुढं सर्वनाम चालतं. मी म्हणालो, "हा त्यांचाच सदरा. वर्षानुवर्षं मी त्यांच्या अंगावर पाहिलाय."

"परफेक्ट," ललित म्हणाला, आणि दिवा बंद केला.

पहिला खेळ नंदुरबारलाच करायचा असं रंजितानं ठरवलं. युसुफभाईंनी मला नवा सदरा शिवला. "पडदावर दिसशी तू. मन्ही इज्जत शे." माहेनूर अक्कलकुव्याहून खास आली, आई दिसणार म्हणून. आम्ही तिघं पुढच्या रांगेत बसलो. पथाऱ्यांचा हंगाम होता. पाहुण्यांना दारातच ठसका लागत होता आणि तेवढ्यावरून आमची माणसं हसत होती.

पडद्यावर रंजिता आली. अहिराणीत बोलत होती. माझ्याशी फोनवर तिनं अहिराणी सोडून किती वर्षं झाली, पण पडद्यावर अगदी कळसाडीची पोरगी. समोर काचेच्या पेटीत सदरा.

"हाऊ मन्ही आजीना सदरा शे," ती म्हणाली. "दगूबाई. मिरचीना पथारीवर देठ खुडे ती."

मी ऐकण्यात चुकलो असं मला वाटलं. मग ती पुढं सांगू लागली. लहानपणी सदरा कसा घातला, गाल कसे भाजले, आजीनं मांडीवर घेऊन दही कसं लावलं. सांगताना तिचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते, हे मी आजही म्हणेन. जिच्या मांडीवर बसली त्या बाईलाच तिनं तिथून उठवलं होतं, आणि रडत होती मात्र खरं.

त्यावर लगेच मी. भिंतीएवढा मोठा, युसुफभाईंच्या हातचा जुना सदरा अंगात. "हा त्यांचाच सदरा. वर्षानुवर्षं मी त्यांच्या अंगावर पाहिलाय." खाली अक्षरं: मोतीलाल, दगूबाईंचा मुलगा. आईला मी उभ्या आयुष्यात 'त्या' म्हटलं नाही, हे सभागृहात कुणाच्या ध्यानात येणार?

माझी आई पथारीवर कधीच गेली नाही. फोडणीतल्या मिरचीनंसुद्धा ती ओसरीवर जाऊन बसायची.

अंधारात युसुफभाईंनी खुर्चीच्या हातावरचा आपला हात उचलून मांडीवर ठेवला. माझा हात तिथंच होता. माहेनूर वाकून हळूच म्हणाली, "काका, अम्मी कोठे शे?"

दिवे लागले तेव्हा युसुफभाई उठून गेलेले होते. माहेनूर मात्र बसून होती. सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. मला वर नेलं, रंजितानं शाल घातली, पाया पडली. समोर माइक आला. मी म्हणालो, "तो सदरा मदिनाभाभींचा आहे. आमच्या शेजारच्या. माझ्या आईचा नाही."

मला वाटतं, मी नीट बोललो होतो. पण आवाज फाटला, मागं बहुधा 'आईचा' एवढंच पोचलं. सूत्रसंचालकानं माइक अलगद काढून घेतला. "काका भावूक झालेत! आईची आठवण अशीच असते." सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. रंजिताही वाजवत होती. तिनं फक्त माझ्याकडे बघायचं टाळलं.

मागच्या बाजूला, गाडीपाशी, मी तिला गाठलं.

"असं का केलंस गं?"

"काका, ब्रँडचं नाव दगू आहे. मग त्या सदऱ्यातली बाईही दगूच असायला हवी ना. लोकांच्या एकच गोष्ट लक्षात राहते."

"पण भाभींनी तुला…"

"मी कुठं विसरले? मनात आहेत त्या माझ्या." मग अगदी लहानपणीसारखं मान वाकडी करून, "आजीचं नाव मोठं झालं ते तुम्हाला नकोय का?"

ती मला ओळखून आहे. मला प्रश्न विचारला की मी आधी स्वतःलाच तपासतो. तोवर तिनं गाडीचं दार उघडलं होतं.

"सदरा तरी परत दे. मी शब्द दिलाय."

"तो आता कंपनीच्या संग्रहात आहे, काका. माझ्या एकटीच्या हातात नाही. युसुफचाचांना मी आमचं नवं जाकीट पाठवते, त्यांच्या मापाचं."

गाडी गेली. शाल माझ्या खांद्यावरच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. युसुफभाई सुईत दोरा ओवत होते. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

"माहेनूरनी सांगं माले. तू माइकवर तिनं नाव लिधं."

"लिधं."

"आनि लोकेस्नी टाळ्या वाजाड्यात."

"हा."

दोरा ओवला गेला. त्यांनी गाठ मारली. "ते पडदावर बोलना, ते बी तूच ना?"

"मीच. पण त्यास्नी कापं ते, युसुफभाई. मी पहिलेंग नाव लिधं व्हतं."

"व्हई." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते मला कळलं नाही. त्यांना तरी कळलं का, कोण जाणे. "सदरा कधी येई?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी लिखस तिले."

लिहितो आहे. पत्रं पोचतात, उत्तर येत नाही. जाकीट मात्र आलं, छान खोक्यात. खोक्यावर माझ्या आईचं नाव. ते मी युसुफभाईंकडे नेलं नाही. नेण्यासारखं नव्हतं.

आता सकाळी मी वाचनालयात निघतो. दुकानावरून जाताना मशीन थांबतं. युसुफभाई मान वर करून माझ्या हाताकडे बघतात. पुस्तकाचं नाव विचारत नाहीत. हातात सदरा नाही, पुस्तकच आहे एवढं पाहतात, आणि मशीन पुन्हा चालू करतात.