पैलतीरावरचा जिना

मत्सरासारखा क्षुद्र विकार दुसरा नाही, असं बेल्मिरूचं ठाम मत होतं. ते त्यानं बायकोला, देओलिंदाला, ऐकवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि ती पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या पैलतीरावर रोखलेली होती.

"अदेरितूचं आणखी एक धुराडं कोसळलं," तो म्हणाला. "नशीबच जोरावर आहे तुझ्या भावाचं."

दोन काठांवर बरोक शैलीतले दोन जुने महाल. इकडचा राखणदार बेल्मिरू, तिकडचा त्याचा मेहुणा. डागडुजीचा सरकारी निधी एकापुरताच होता. पाहणीत ज्याची अवस्था जास्त वाईट ठरेल, त्याला मिळणार. इथल्या दिवाणखान्याचं छत आणखी एक हिवाळा काढणार नाही, हे बेल्मिरूला पक्कं ठाऊक होतं. पण तिकडे भिंतीतून अंजिराचं झाड उगवलं होतं. इकडे मेलं नुसतं शेवाळ.

पाहणीच्या सकाळी त्यानं दिवाणखान्यात सात बादल्या मांडल्या.

"गळतं चारच ठिकाणी," देओलिंदा म्हणाली.

"तुझा भाऊ अकरा मांडेल. ओळखतो मी त्याला."

लिस्बनहून आलेल्या आर्किटेक्टबाई पैलतीर बघूनच इकडे आल्या. मान वर करून त्यांनी छताच्या भेगा पाहिल्या, चुकचुकल्या. बेल्मिरूनंही चेहरा पाडला. सगळं सुरळीत चाललं होतं.

"पलीकडचा जिना मात्र काय देखणा आहे हो," बाई सहज म्हणाल्या. "एवढ्या पडझडीतसुद्धा! या नदीवर तसा दुसरा नसेल."

बेल्मिरूचे कान लाल झाले.

"दुसरा नसेल? बाई, तो जिना कारागिरानं हात बसावा म्हणून केलेला. खरा इथं आहे. या तुम्ही."

देओलिंदानं त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली, वाटेतल्या बादल्या पायानं कोपऱ्यात सारल्या आणि जिन्याच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. भिंतीवरच्या निळ्या चित्रांच्या फरशांवर ऊन पडलं.

"एक फरशी हललेली दाखवा! मेहुण्यानं निखळलेल्या फरशा परत लावल्या, तर बिशपचं डोकं घोड्याच्या धडावर गेलं. तिथंच आहे अजून."

बाई मनापासून हसल्या. "आणि ते मघाचं छत?"

"तीस वर्षं मी बघतोय त्याच्याकडे," बेल्मिरू छाती काढून म्हणाला. "माझ्या हाताखाली काही पडत नाही. पडतं ते तिकडे."

देओलिंदा बादल्या उचलायला गेली.

बाईंनी अर्जावर लिहिलं: 'देखभाल उत्तम. पुढील पाहणी दहा वर्षांनी.'