जिन्याखालच्या दोन खुर्च्या

सुनावणीच्या दिवशी ताईला अलार्मच्या आधीच जाग आली आणि मग तिचा पाय काही एका जागी ठरेना. कपाट उघड, बंद कर, पिशवी भर, पुन्हा रिकामी कर. चष्मा शोधून शोधून थकली, तर तो डोक्यावरच.

"अगं, बस जरा," आत्या चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली. "दुसऱ्यांची मनं शांत करतेस ना तू? मानसशास्त्रज्ञ म्हणे."

"दुसऱ्यांचीच जमतात, आत्या."

"आणि बोलायला किती वेळ देणार आहेत?"

"पाच मिनिटं."

"पुष्कळ झाली. तुम्ही सगळे नुसते ऐकून घेणारे. पाच मिनिटं सलग बोललात तर घसा बसेल."

ताई हसली, पण हात पुन्हा पिशवी उपसू लागले. कारण आज जे काही व्हायचं होतं, त्यावर एका लहान मुलीचं बोलणं अडलेलं होतं.

ताई शाळेत मुलांशी बोलायची. म्हणजे मुलं बोलायची आणि ती ऐकायची. त्यासाठी शाळेनं तिला जागा दिली होती ती जिन्याखाली. दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, आणि डोक्यावर दिवसभर धाडधाड पावलं. तिसरीतली एक मुलगी तिच्याकडे यायची. कान असा तिखट, की पावलं ऐकून माणूस ओळखायची. "गणिताच्या बाई," ती पुटपुटायची. मग, "शिपाईकाका. आज नवे बूट घातलेत." पावलं लांब गेली की ती खुर्चीत पुढे सरकायची आणि म्हणायची, "घरी ना..." तेवढ्यात वरून कोणीतरी उतरायचं आणि ते वाक्य ती गिळून टाकायची. असं कितीदा झालं. गेल्या खेपेला तिनं स्पष्टच सांगितलं, "इथे नाही सांगणार. दार असलेल्या ठिकाणी सांगेन."

त्या प्रांतातल्या मानसशास्त्रज्ञांची एक संघटना होती, आणि संघटना बरीच वर्षं हेच मागत होती. प्रत्येक शाळेत मुलांशी बोलायला एक खोली द्या, आणि तिला बंद होणारं दार द्या. मोठ्या मुश्किलीनं ही मागणी शाळांच्या नव्या नियमांच्या मसुद्यात शिरली होती. आता शेवटची सुनावणी. आणि कालपासून कुजबुज होती, की खोल्या कुठून आणायच्या म्हणून नेमकं हेच कलम गाळणार.

सभागृहाच्या पायऱ्यांवर संघटनेचे अध्यक्ष उभे होते. पांढरे केस, ढगळ कोट. सभासदांनी त्यांचं नाव 'हुंकार' ठेवलं होतं, कारण समोरचा काहीही बोलला तरी ते आधी नुसतं "हं" म्हणत.

"सर, मला सगळं पाठ आहे, पण छाती धडधडतेय," ताई म्हणाली.

"हं," हुंकार म्हणाले.

आणि काय गंमत, तेवढ्यानंच तिला हलकं वाटलं.

आत गर्दी मावत नव्हती. नियम ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, मधल्या खुर्चीत रेलून बसले होते. वार्ताहर भिंतीला टेकून उभे, चहावाला ट्रे घेऊन दारात अडकलेला. आणि दुसऱ्या रांगेत ताईच्याच शाळेचे मुख्याध्यापक.

हुंकारांनी आकडे मांडले, तक्ते दाखवले. साहेबांनी जांभई दाबली.

"हे सगळं ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण आकड्यांनी माझं मन हलत नाही. तुम्ही रोज मुलांमध्ये असता. एखाद्या मुलाचं उदाहरण सांगा ना. एकच सांगा."

संघटनेची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणाकडे उदाहरणं कमी होती? पण सांगायचं कसं? त्यांच्याकडे जे होतं ते सगळं दुसऱ्यांनी विश्वासानं ठेवायला दिलेलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "उदाहरणच नाही यांच्याकडे," आणि हशा पिकला.

ताई उठली. तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. जिना, बूट ओळखणारी मुलगी, गिळलेलं वाक्य. सांगितलं असतं तर सभागृह विरघळलं असतं. पण मुख्याध्यापकांनी मान वर केली होती. पावलं ओळखणारी पोर शाळेत एकच होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळलं असतं.

"उदाहरण आहे," ती म्हणाली. "पण ते माझं नाही, म्हणून देता येत नाही. साहेब, तुमचंच घेऊ का?"

"माझं?" साहेब हसले. "घ्या की."

ताईनं खुर्ची उचलली आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवली, जिन्याखाली ठेवायची तशीच, जरा तिरकी. बसली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "अलीकडे झोप कशामुळे उडाली होती?"

"छे, मला झोप छान लागते. बैठकीतसुद्धा."

सभागृह खो खो हसलं. ताई हसली नाही, रागावलीही नाही. तिला जे येत होतं तेच तिनं केलं. थांबली.

हसू ओसरलं. साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. पाण्याचा घोट घेतला. ताई तशीच, बघत, घाई नसल्यासारखी. चहावाल्यानंसुद्धा ट्रे हलू दिला नाही.

"आता तसं म्हटलं तर," साहेब हळूच म्हणाले, "आमचा धाकटा..." आणि अडखळले. त्यांची नजर वार्ताहरांवरून चहावाल्याकडे गेली, त्याच्यामागच्या व्हरांड्याकडे गेली. "अहो, ते दार जरा लावून घ्या," ते म्हणाले.

आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

 तेवढ्यात हुंकारांचा आवाज आला, "हं."

सगळ्यात आधी साहेबच हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"पण साहेब, खोल्या कुठून आणायच्या?" समितीतल्या शेजारच्या सभासदानं विचारलं.

"प्रत्येक शाळेत मोडकी बाकं ठेवायला खोली असते. बाकं ठेवा जिन्याखाली," साहेब म्हणाले. "हे कलम राहील. हात वर करा बघू."

हात वर झाले. ताईनं मोजले नाहीत. तिला समोरचं नीट दिसतच नव्हतं. संघटनेची माणसं, एरवी इतकी जपून बोलणारी, एकाच वेळी बोलू लागली आणि कोणीच कोणाचं ऐकेना.

बाहेर पायऱ्यांवर साहेबांनी हुंकारांना बाजूला घेतलं. "ते धाकट्याचं... कुठे बोलता येईल?"

"माझ्याकडे या," हुंकार म्हणाले. "दार जुनं आहे, करकरतं. पण बंद होतं."

नियम लागू झाले आणि शाळेतली मोडकी बाकं खोलीतून बाहेर आली. सुतार कडी बसवून गेला. मुलगी आली, तेव्हा आधी खुर्चीत बसलीच नाही. तिनं दार लावलं, उघडलं, बाहेर डोकावली, पुन्हा लावलं. कडी ओढून पाहिली.

"हे माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी," ताई म्हणाली.

बाहेर पावलं वाजली. मुलीनं कान टवकारले. "मुख्याध्यापक सर," ती म्हणाली, आणि वाट पाहिली. पावलं दाराशी आली, जराशी थबकली, आणि मग अगदी दबकत, टाचा न टेकवता, पुढे निघून गेली.

मुलगी खुर्चीत पुढे सरकली.

"घरी ना," ती म्हणाली.

पुढचं त्या दोघींनाच ठाऊक. दार लावलेलं होतं.